मुलांची हालचाल कागदावर मोजताना

सातवीतली एक मुलगी. कोपरखैरणे गावातून शाळेपर्यंत रोज चालत येते, मधल्या सुट्टीत दोरीवरच्या उड्यांत तिला कुणी हरवत नाही, संध्याकाळी धाकट्या भावाला कडेवर घेऊन भाजी आणते. मुलं किती हलतात ते मोजायला मी पहिल्यांदा प्रश्नावली वाटली तेव्हा ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस व्यायाम केलास?’ या प्रश्नापुढे तिनं शून्य लिहिलं. मागच्या बाकावरच्या मुलानं सात लिहिले. विचारलं तर म्हणाला, ‘बाई, प्रार्थना झाल्यावर रोज हात वर-खाली करतो ना आपण!’

दोघंही खरंच बोलत होते. चूक माझ्या शब्दाची होती. ‘व्यायाम’ म्हटलं की आपल्याकडे सूर्यनमस्कार, जोर-बैठका, फार तर पीटीचा तास. दोरीवरच्या उड्या म्हणजे खेळ, भाजी आणणं म्हणजे घरकाम आणि चालणं म्हणजे तर काहीच नाही. त्या वेळचे शंभरावर कागद मी रद्दीत टाकले. पुढे तीन वेळा हेच काम केलं, तेव्हा कुठे जरा जमलं. आपल्या शाळेत किंवा सोसायटीत असं सर्वेक्षण करू पाहणारे क्रीडाशिक्षक, बीपीएड-एमपीएडचे विद्यार्थी आणि फिजिओथेरपीची मुलं-मुली यांच्यासाठी ती रीत इथे मांडते.

आधी ठरवा, नेमकं काय हवंय

शारीरिक हालचाल, तंदुरुस्ती आणि खेळातलं कौशल्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांत ६०० मीटर धावणं असतं, बसून पुढे वाकणं असतं. त्यातून शरीराची क्षमता कळते, मूल आठवडाभर किती हललं ते कळत नाही. उपजतच चपळ असलेलं मूल चाचणीत पुढे येतं आणि घरी गेल्यावर मोबाइल घेऊन लोळतं.

बसून राहणं हाही हालचालीचा साधा उलटा भाग नव्हे. वाशीतल्या टर्फवर तासभर फुटबॉल खेळून आलेला मुलगा नंतर पाच तास पडद्यासमोर बसू शकतो. म्हणून स्क्रीनचे प्रश्न वेगळे ठेवा आणि त्यांचे गुण हालचालीच्या गुणांत मिसळू नका.

आता तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. माझ्या अनुभवात तो या तिनांपैकी एक निघतो. किती मुलं शिफारशीइतकी हालचाल करतात? कोणता गट जास्त हलतो, किंवा उपक्रमाच्या आधी आणि नंतर काय फरक पडला? दिवसाच्या कोणत्या वेळी मुलं हलतात आणि कोणत्या वेळी थंड असतात? तिन्हींसाठी कागद वेगळा लागतो. ‘सगळंच कळलं तर बरं’ म्हणून चार पानी फॉर्म काढला की दुसऱ्या पानानंतर मुलं डोळे मिटून टिक करतात.

शिफारस कोणती, हेही इथेच पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीनं रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस जोरदार आणि स्नायू-हाडं बळकट करणारी हालचाल असावी. यातला ‘सरासरीनं’ हा शब्द नवा आहे. २०१० च्या सूचनेत ६० मिनिटं रोजच्या रोज अपेक्षित होती. फरक बारीक वाटतो, पण मोजताना पायात येतो. सोमवार ते शुक्रवार रोज ९० मिनिटं कबड्डी खेळून शनिवार-रविवार गावी जाणारा मुलगा नव्या हिशेबात बसतो, कारण त्याची सरासरी ६४ मिनिटं येते. जुन्या हिशेबात तोच नापास.

कागद निवडणं

वयापासून सुरुवात करा. आठ वर्षांखालच्या मुलांना आठवड्याचं विचारू नये, हे माझं स्पष्ट मत. लहान मुलं सलग हलतच नाहीत. ६ ते १० वर्षांच्या मुलांचं दर तीन सेकंदांनी निरीक्षण करणारा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या जोरदार हालचालीच्या झटक्यांचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधला येणारा आकडा, अवघा तीन सेकंदांचा निघाला. पळालं, थांबलं, वळलं, परत पळालं. त्याची मिनिटं त्या मुलानं कशी मोजायची? या वयात पालकांना विचारतात, पण शाळेत काय चालतं ते पालकांना माहीत नसतं. त्यापेक्षा मैदानाच्या कडेला उभं राहून ठरावीक मिनिटांनी नजर फिरवावी आणि किती मुलं बसलीत, किती चालतायत, किती पळतायत ते मोजावं.

मोठ्या मुलांसाठी तीन जातींचे कागद उपयोगी पडतात.

सर्वांत छोटा म्हणजे ६० मिनिटांचा प्रश्न: गेल्या सात दिवसांत किती दिवस तू एकूण किमान ६० मिनिटं हालचाल केलीस? उत्तर ० ते ७. शालेय विद्यार्थ्यांच्या जागतिक आरोग्य सर्वेक्षणात असाच प्रश्न असतो. ११ ते १७ वयातल्या ८१ टक्के मुलामुलींची हालचाल अपुरी आहे, हा वर्तमानपत्रांत वारंवार येणारा २०१६ चा जागतिक आकडाही मुलांनी शाळेत स्वतः भरून दिलेल्या अशाच उत्तरांवर उभा आहे. १४६ देशांतली १६ लाख मुलं त्यात होती. प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याची दोन प्रश्नांची आवृत्ती मांडली: एक गेल्या सात दिवसांबद्दल, दुसरा नेहमीच्या आठवड्याबद्दल. दोन्हींची सरासरी ५ दिवसांपेक्षा कमी आली तर हालचाल अपुरी समजतात. वेळ दोन मिनिटं. वर लिहिलेल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यासाठी हाच कागद घ्या.

दुसरी जात पीएक्यू, म्हणजे ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी क्वेश्चनेअर’, हालचालीची प्रश्नावली. कॅनडातल्या सस्कॅचवन विद्यापीठात कोवाल्स्की, क्रॉकर वगैरेंनी ही घडवली. ८ ते १४ वर्षांसाठी पीएक्यू-सी, १४ ते १९ साठी पीएक्यू-ए. गेल्या सात दिवसांवर गुणांचे नऊ प्रश्न, मोठ्यांच्या आवृत्तीत मधल्या सुट्टीचा वगळून आठ. शेवटी १ ते ५ मधला एकच आकडा मिळतो. त्यातून मिनिटं निघत नाहीत, कॅलरी निघत नाहीत, ‘६० मिनिटं पुरी झाली का’ हेही निघत नाही. गटागटांची तुलना मात्र चांगली होते आणि शाळेच्या तासाला सहज बसते. मी हाच वापरते.

तिसरी जात वेळपत्रकाची. तीन दिवसांच्या आठवणीच्या नमुन्यात सकाळी ७ ते रात्री १२ असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ३४ रकाने असतात. मुलांना बुधवारी बसवून आधी मंगळवार, मग सोमवार, मग रविवार भरायला सांगतात. दिवसाचं चित्र फार सुंदर मिळतं, पण चाळीस मुलांच्या वर्गात एकट्यानं हे करू नका. निदान दोन मदतनीस हवेत.

प्रौढांची आयपॅक किंवा जीपॅक प्रश्नावली तशीच्या तशी मुलांना देऊ नका. ‘कामाच्या ठिकाणची हालचाल’ वाचून आठवीतली मुलं हसतात, आणि बरोबरच हसतात.

मराठीत आणणं: खरं काम इथे आहे

रीत अशी. दोघांनी एकमेकांना न विचारता भाषांतर करायचं. मग समोरासमोर बसून शब्दागणिक भांडायचं. जे ठरेल ते मूळ कागद न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि अर्थ कुठे घसरला ते पाहायचं. एवढं बहुतेक जण करतात. पुढची पायरी सोडतात, आणि तीच महत्त्वाची. सहा-आठ मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक प्रश्नावर विचारायचं, ‘हा प्रश्न तुला काय विचारतोय ते तुझ्या शब्दांत सांग.’ मुलं निवडताना मराठी माध्यमातली, इंग्रजी माध्यमातली, घरी आगरी किंवा हिंदी बोलणारी अशी मिसळ ठेवा. माझा ‘व्यायाम’ इथेच पकडला गेला असता.

आता मी ‘व्यायाम’ हा शब्द वापरतच नाही. कागदाच्या माथ्यावर असं लिहिते: ‘खेळ, नाच, पळणं, उड्या, सायकल, भरभर चालणं, पाणी भरणं, जिने चढणं, ज्या ज्या गोष्टीनं धाप लागते किंवा छाती धडधडते त्या सगळ्या यात धर.’ मूळ पीएक्यूमध्ये घाम येणं ही खूण आहे. ऑक्टोबरमध्ये कळव्याच्या पत्र्याच्या घरात नुसतं बसलं तरी घाम येतो. म्हणून मी घाम काढला आणि धाप ठेवली. जोर किती हे सांगायला बोलण्याची खूण बरी पडते. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतं, ती जोरदार.

पीएक्यूच्या पहिल्या प्रश्नातली खेळांची यादी कॅनडाची आहे, तिच्यात बर्फावरचं स्केटिंग आणि आइस हॉकी आहे. ते काढून कबड्डी, खो-खो, लंगडी, लगोरी, पकडापकडी, विषामृत, गल्लीतलं क्रिकेट, बॅडमिंटन, सायकल, कराटे, लेझीम, पोहणं घाला. श्रावणाच्या सुमारास ठाण्यात मोठ्या मुलांसाठी दहीहंडीच्या थरांचा सराव आणि नवरात्रात गरबा धरावाच लागतो, पण त्या दिवसांत सर्वेक्षणच टाळलेलं बरं. यादी वीसच्या आसपास ठेवा. का ते गुणांच्या हिशेबात सांगते.

मग येतं शाळेचं घड्याळ. मूळ कागदात ‘मधल्या सुट्टीत’, ‘जेवणाच्या सुट्टीत’, ‘शाळा सुटल्यावर लगेच’, ‘संध्याकाळी’ आणि ‘शनिवार-रविवारी’ असे प्रश्न आहेत. आपल्याकडे निम्म्या मुलांची शाळा सकाळी सातला भरते, निम्म्यांची दुपारी साडेबाराला. दुपारच्या सत्रातली मुलं सहाला सुटतात. डिसेंबरात तेव्हा दिवस मावळतो, त्यामुळे ‘सुटल्यावर लगेच’ला त्यांचे गुण हमखास पडतात. त्यांचा खेळ सकाळी आठ ते दहा, बिल्डिंगखाली. तो प्रश्न मूळ कागदात नाहीच. दुपारच्या सत्रासाठी मी तिथे ‘शाळेत येण्याआधी’ असं केलं. बऱ्याच मराठी शाळा शनिवारी अर्धा दिवस भरतात, म्हणून ‘शनिवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी’. छोटी सुट्टी आणि मोठी सुट्टी दोन्ही असतील तर दोन प्रश्न ठेवा. एकच असेल तर एक प्रश्न काढा आणि भागाकारही त्याप्रमाणे बदला.

इतके बदल केल्यावर ही ‘पीएक्यूची स्थानिक आवृत्ती’ झाली. अहवालात तसंच लिहा. कॅनडाच्या किंवा पुण्याच्या आकड्याशी तिची तुलना करू नका.

परवानग्या

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते, शिवाय मुलांचा स्वतःचा होकार. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयात तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी होकार घ्यावा. प्रबंधासाठी करत असाल तर कॉलेजच्या नैतिकता समितीकडे आधी जा, कागद छापल्यावर नव्हे. नावाऐवजी कोड द्या. कोड आणि नाव यांची जोडयादी वर्गशिक्षकांकडे नको, तिसऱ्या कुणाकडे ठेवा. आणि एक कळकळीचं सांगणं: त्याच दिवशी वजन-उंची घेऊ नका. काट्यावर उभी राहून आलेली जाड मुलगी नंतरचा कागद वेगळ्याच मनानं भरते.

दिवस आणि तास

जूनच्या शेवटी धो-धो पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, मग सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. आपल्या पट्ट्यात जुलैचा दुसरा पंधरवडा पावसाळ्याचं चित्र देतो, तर डिसेंबर-जानेवारी कोरड्या दिवसांचं. शक्य असेल तर दोन्ही घ्या. एकदाच घेणार असाल तर ऋतू अहवालात ठळक लिहा. मे महिन्यात पीएक्यू निरर्थक आहे, कारण त्यातले निम्मे प्रश्न शाळेच्या दिवसाभोवती फिरतात. स्नेहसंमेलनाच्या आधीचा आठवडाही सोडा, सगळी शाळा नाचत असते.

सगळ्या वर्गांचा वार एकच ठेवा. मी मंगळवार धरते. सोमवारी गैरहजेरी जास्त असते आणि मंगळवारी रविवार अजून आठवतो.

मी स्वतः वर्गात नसते, आणि हे फार उशिरा शिकले. खेळाची बाई समोर उभी असली की मुलं तिच्या तोंडाकडे बघून टिक करतात. गणिताच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती करा आणि त्यांच्या हाती एक पान द्या. त्यावर लिहिलेलं तेवढंच वाचायचं, आपल्या शब्दांत समजवायचं नाही. ‘ही परीक्षा नाही, बरोबर-चूक उत्तर नाही’ हे वाक्य सुरुवातीला आणि मध्ये एकदा.

आठवण जागी करायला फळ्यावर सात वार लिहून प्रत्येकाखाली एक खूण मांडा: बुधवारी पाऊस, गुरुवारी चाचणी, रविवारी सामना. मुलांनी दोन मिनिटं नुसता आठवडा मागे चालून पाहायचा, मग पेन. पाचवी-सहावीला प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून सगळ्यांनी एकदम पुढे जायचं. आठवीच्या पुढे मुलं आपलं आपण भरतात, वीस मिनिटं पुरतात. बाकं लांब लांब ठेवा. क्रिकेटवाल्या टोळीतली उत्तरं संसर्गजन्य असतात.

गुण कसे काढायचे

यादीतल्या प्रत्येक खेळाला: एकदाही नाही १, एक-दोन वेळा २, तीन-चार ३, पाच-सहा ४, सात किंवा जास्त ५. सगळ्यांची सरासरी म्हणजे पहिल्या प्रश्नाचे गुण. दुसऱ्या ते आठव्या प्रश्नाला थेट १ ते ५. नवव्या प्रश्नात सात वारांचं वेगवेगळं उत्तर असतं, त्यांचीही सरासरी. मग नऊ आकड्यांची सरासरी. दहावा प्रश्न आजारपणाचा. त्याला गुण नाहीत, पण ज्यानं ‘हो, ताप होता’ लिहिलं त्याचा कागद बाजूला काढा.

एक नमुना. वीस खेळांच्या यादीत मुलीनं तीन खेळांना २ आणि दोन खेळांना ३ गुणांवर खूण केली, उरलेल्या पंधरांना १. बेरीज ६ + ६ + १५ = २७, भागिले २० म्हणजे १.३५. दुसऱ्या ते आठव्या प्रश्नाचे ४, ३, २, २, ३, २, २ मिळून १८. नवव्यात सात वारांचे मिळून १७, म्हणजे २.४३. एकूण २१.७८, भागिले ९, उत्तर २.४२.

पहिल्या प्रश्नाचा आकडा किती खाली आहे बघा. पाच प्रकारचे खेळ खेळणारी मुलगी, तरी १.३५. कारण वीसच्या वीस खेळ कुणीच खेळत नाही. यादी जितकी लांब, तितका हा आकडा १ कडे ओढला जातो. उत्साहात तिसेक खेळ घातले की मुलं कागदावर आपोआप आळशी होतात. एकदा ठरलेली यादी म्हणूनच हलवायची नाही.

एक्सेलमध्ये भरताना दर दहावा कागद दुसऱ्याकडून पुन्हा भरून घ्या आणि ताडून पाहा. सगळीकडे ५ किंवा सगळीकडे ३ असलेले कागद वेगळे काढा. नवांपैकी दोनहून जास्त प्रश्न कोरे असतील तर मी कागद धरत नाही, पण किती वगळले ते लिहिते.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

थोडा. पीएक्यू आणि कमरेला बांधायचं हालचालमापक यंत्र यांची तुलना केली की सहसंबंध साधारण ०.३ ते ०.४ येतो (पूर्ण जुळणी म्हणजे १). चिनापॉ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मुलांसाठीच्या ६१ प्रश्नावल्या तपासल्या. विश्वसनीयता (पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर येणं) आणि यथार्थता (मोजायचंय तेच मोजलं जाणं) दोन्ही बाबतींत पुरेशी ठरेल अशी एकही त्यांना सापडली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की दोनशे मुलांच्या गटाबद्दल बोलता येतं, एका मुलाबद्दल नाही. ‘तुझे २.१ आले, तू सुस्त आहेस’ असं पालकसभेत सांगणं म्हणजे कागदाच्या नावावर थाप मारणं. वर्गवार गुणांची यादी फळ्यावर लावायची नाही.

विश्वसनीयतेसाठी तीस-चाळीस मुलांकडून तोच कागद पुन्हा भरून घेतात, बहुधा आठवड्यानं. इथे एक गोची आहे. आठवड्यानं विचारलं तर मधला आठवडाच वेगळा असतो. पाऊस थांबला म्हणून गुण वाढले की मूल विसरलं म्हणून बदलले, हे कळत नाही. मी दोन दिवसांच्या अंतरानं घेते आणि तारखा सांगून त्याच सात दिवसांबद्दल विचारते. मुलं कुरकुरतात, चालायचंच. ऐपत असेल तर वीस मुलांना आठवडाभर पावलं मोजणारी साधी यंत्रं बांधून गुणांचा क्रम आणि पावलांचा क्रम जुळतो का तेही पाहा. कबड्डी आणि सायकल पावलांत नीट येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवून.

मांडताना एकच सरासरी देऊन मोकळं होऊ नका. मुलं आणि मुली, सकाळचं आणि दुपारचं सत्र, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक प्रश्न सुटा. आमच्या शाळेत एकूण आकडा पाहून काहीच सुचलं नसतं. सुटे प्रश्न मांडल्यावर दिसलं की मधल्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुली जवळपास मुलांइतक्याच हलतात, पण संध्याकाळच्या प्रश्नावर धाडकन खाली येतात. मुलींशी बोलले. कुणाला घरी स्वयंपाक, कुणाला क्लास. बऱ्याच जणींनी सांगितलं की सेक्टरच्या मैदानावर संध्याकाळी मोठ्या मुलांचं क्रिकेट असतं, तिथे उभंही राहता येत नाही. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन शाळेचं मैदान आठवड्यातून तीन दिवस सुटल्यावर पाऊण तास फक्त मुलींसाठी मागितलं. दोन दिवस मिळाले.

येत्या डिसेंबरात पुन्हा मंगळवारी तोच कागद, तीच वीस नावं. मुलं म्हणतायत, ‘बाई, यादीत पिकलबॉल घाला.’ ते ‘इतर’च्या ओळीत लिहा म्हणून सांगितलंय.